छेद नावाचा अतिचार



परवा आमच्या दूधवाल्या वहिनींच्या गोठ्यात पाड्याचं खच्चीकरण होतं. चिमटा लागला आणि त्याचं हंबरणं माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आलं. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘छेद’ आहे, हे आपण पाठ म्हणतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात मात्र विहित पद्धतीने केलेलं खच्चीकरण, शिंगं काढणं, वेसण घालणं क्रूरतेत धरत नाहीत. मग दूध घेणाऱ्या आपल्यावरच जबाबदारी येते. बधिर करायला लिग्नोकेन, नंतरच्या दुखण्याला मेलोक्सिकॅम. जनावरांचे डॉक्टर देतात. डायक्लोफिनॅक नको, त्याने गिधाडं मरतात म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी बंद झालं. मी वहिनींना म्हटलं, “पुढच्या वेळी इंजेक्शनचा खर्च माझा.” जीवदयेच्या पेटीतले पैसे गोठ्यापर्यंतही पोचू देत.