खोगिराची खूण

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी जवळ येऊ लागली म्हणजे नांदेड-लातूर रस्त्यावरील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेची ओढ आमच्या भागातील कास्तकारांस लागते. लोहा तालुक्यातील ह्या गावी घोडे, उंट, गाढवे व गुरे ह्यांचा जो बाजार भरतो, त्याचा लौकिक दूरवर आहे. घोडे घेणारा इसम तेथे जनावराचे दात पाहतो, चाल पाहतो, भोवरे मोजतो, आणि ह्या परीक्षेत दोन दोन दिवस घालवितो. परंतु त्याच जनावराच्या पाठीवर जे खोगीर असते, तोंडात जो लगाम असतो, त्याकडे तो लक्ष देत नाही. सौदा पुरा झाला म्हणजे सामान जनावराबरोबर येते, आणि पुढे एखाद्या रात्री जनावर जाग्यावर राहून सामान तेवढे नाहीसे होते. ह्या दुसऱ्या प्रकारच्या हानीविषयी चार शब्द लिहावे, असे आम्ही बरेच दिवस योजिले होते.

कोणी म्हणेल की, टांगे गेले, तट्टावरून फिरणारे पटवारी व गिरदावर गेले, आता घोड्याच्या सामानाची चर्चा शेतकऱ्यांच्या मासिकात कशाला? असे म्हणणाऱ्याने लग्नसराईत आमच्या तालुक्यांतून एक फेरी मारून यावी. वरातीची घोडी बाळगून पाच-सहा एकर कोरडवाहूला जोड देणारी कुटुंबे गावोगाव आहेत. मेंढरांमागे फिरणारे धनगर आपला संसार तट्टावर लादतात. भीमथडीच्या ज्या तट्टांची नावे आपण बखरींतून वाचतो, त्यांना कर्नालच्या राष्ट्रीय पशुआनुवंशिक संसाधन केंद्राने स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली आहे, व ती जात राखली कोणी, तर ह्याच मेंढपाळांनी. नांदेडास तर दसरा व होळीच्या हल्लाबोलात गुरुद्वाऱ्याचे घोडे पाहण्यास सारा जिल्हा लोटतो. तेव्हा घोडा गेला, असे म्हणण्याची वेळ अद्याप आलेली नाही.

आता आमची हकीकत. आम्ही महसूल खात्यात कारकून असतानाची ही गोष्ट आहे. आमचा पुतण्या वरातीची एक घोडी बाळगून होता. एका यात्रेत (ती कोणती, हे सांगण्याचे कारण नाही) तो घोडी घेऊन गेला. रात्री खोगीर उतरून त्याने बाभळीच्या बुंध्याशी ठेविले, त्यावर झूल टाकिली, आणि तो तमाशास गेला. पहाटे परत येऊन पाहतो तो झूल आहे, खोगीर नाही, लगाम नाही, रिकिबीही नाहीत. आरडाओरड झाली. शेजारी पाल ठोकून राहिलेले एक भटके कुटुंब होते, त्यांच्यापाशी दोन तट्टे होती. एवढ्या पुराव्यावर आमच्याकडील पाच-सात माणसांनी त्यांचे पाल उलथेपालथे केले. पीठ मातीत सांडले. पोरे रडू लागली. निघाले काहीच नाही. आम्ही तेथे उभे होतो, व सरकारी नोकर असूनही आम्ही एका शब्दाने त्यांस अडविले नाही, हे येथे लिहिताना आमची मान खाली जाते.

सुमारे चार महिन्यांनी जनावरांच्या एका आठवडी बाजारात पुतण्याने आमचा हात दाबला. “काका, हेच ते खोगीर,” तो म्हणाला. ते एका चांगल्या कपड्यांतील व्यापाऱ्याच्या मोटारीत इतर सहा खोगिरांबरोबर पडले होते. आम्ही विचारले. त्याने शांतपणे विचारिले, “खूण काय?” पुतण्याने डाव्या बाजूची एक शिवण दाखविली. व्यापाऱ्याने दुसऱ्या दोन खोगिरांवर तशीच शिवण दाखविली. पावती आमच्यापाशी नव्हती, चित्र नव्हते, फिर्याद दिलेली नव्हती. शेवटी आपलेच खोगीर आपण रोख पैसे देऊन घरी आणिले. बैल गेला अन् झोपा केला, ही म्हण आपण ऐकली आहे. आमच्या हाती तर झोपा करण्याचेही भान राहिले नव्हते.

मधल्या चार महिन्यांत झालेली हानी खोगिराच्या किमतीहून अधिक होती. मागून आणलेले खोगीर घोडीच्या पाठीस बसेना. खांद्यामागील उंचवट्यावर ते घासू लागले, तिकडे लक्ष गेले नाही, आणि ऐन लग्नसराईत पाठ लागली. जखम भरेपर्यंत तंग आवळता येत नाही. घोडी दावणीला बांधून कडबा व हरभरा खात राहिली आणि ठरलेल्या वराती दुसऱ्याकडे गेल्या. आपल्या भाषेत ‘खोगीरभरती’ हा शब्द निरुपयोगी मालासाठी वापरतात. ज्याने तो शब्द प्रथम वापरिला, त्याला लागलेल्या पाठीचे जनावर कधी पाळावे लागले नसावे.

आमचे आयुष्य दप्तरात गेले, म्हणून आम्हांस एक गोष्ट ठळक दिसते. सरकारी कचेरीत मोडकी खुर्ची असली तरी तिच्या पाठीवर रंगाने क्रमांक घातलेला असतो, आणि जडवस्तू संग्रह नोंदवहीत तोच क्रमांक लिहिलेला असतो. खुर्ची कोठेही सापडो, ती कोणाची ह्याबद्दल वाद होत नाही. जमिनीस सातबारा आहे. यात्रेत जनावर विकले तर त्याची पावती होते. घरात तर ह्याहून नवल आहे. लग्नात आलेल्या प्रत्येक तांब्यावर व परातीवर देणाऱ्याचे नाव आणि तारीख कोरलेली असते. पन्नास वर्षांपूर्वीचा तांब्या कोणत्या मामाने दिला, हे आमच्या मातोश्री वाचून सांगत. आणि हजारो रुपयांचे खोगीर मात्र निनावी! आज बाजारात येणारा माल बहुतेक कारखानी असतो. कानपूरच्या खोगिरांस भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ती उत्तम असतात. परंतु एकाच साच्यातून निघालेल्या शंभर खोगिरांतून आपले कोणते, हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. पूर्वी गावच्या कारागिराने शिवलेले खोगीर त्याच्या टाक्यांवरून ओळखता येई. तो आधार आता गेला.

सबब खूण आपणच घातली पाहिजे. कोणती घालावी? नाव लिहिण्यास आमचा विरोध नाही, परंतु एकाच नावाची दहा माणसे प्रत्येक गावात असतात. दूरध्वनीचा क्रमांक लोक वर्षा-दोन वर्षांत बदलतात. आमच्या मते गावाचे नाव व त्याखाली आपल्या आठ-अ उताऱ्यावरील खाते क्रमांक घालावा. एका गावात तो क्रमांक दुसऱ्याचा नसतो, आणि तलाठ्याच्या दप्तरातून तो केव्हाही पडताळून पाहता येतो. वाटणीने खाते बदलले तर जुना क्रमांक कोणाचा होता हे फेरफारावरून निघते. ज्यांस जमीन नाही त्यांनी शिधापत्रिकेचा क्रमांक घालावा.

चामड्यावर खूण उमटविण्यास लोखंडी अंकांचे ठसे मिळतात. चामडे ओल्या फडक्याने किंचित दमट करावे, खाली सपाट लाकूड धरावे, आणि ठशावर हातोडीचा एकच नेमका ठोका द्यावा; दोनदा मारल्यास अंक दुहेरी उठतो. ठसा दर्शनी भागावर घालू नये. रिकिबीचा पट्टा ज्या झडपेखाली जातो, त्या झडपेच्या आतल्या अंगास तो घालावा, म्हणजे शोभा जात नाही. एकच ठसा पुरेसा नाही. चोर तेवढा तुकडा कापून काढील. म्हणून दुसरा ठसा तंगाच्या पट्ट्याखाली आणि तिसरा दुमचीच्या टोकाशी असावा. रिकिबी व लगामाचे तोंडातील लोखंड भांड्यांच्या दुकानी न्यावे. तांब्यावर नाव घालणारा कारागीर त्याच विजेच्या लेखणीने त्यांवर क्रमांक कोरून देतो. देशी गादीचे खोगीर असेल तर शिवण एक वीतभर उसवून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलेली चिठ्ठी भरतीत ठेवून पुन्हा शिवून टाकावी. ही शेवटची खूण घरच्या दोन माणसांवाचून कोणास सांगू नये. आमच्या व्यापाऱ्याच्या “खूण काय?” ह्या प्रश्नाला असे एक उत्तर असते, तर तो तेथेच निरुत्तर झाला असता.

खुणेबरोबर यादी हवी. खोगीर, झूल, तंग, दुमची, रिकिबी, लगाम, मोहरकी, अगाडी-पिछाडी, ह्यांचा तपशील, किंमत व घेतल्याची तारीख एका कागदावर लिहून पावत्या त्यास टाचाव्या. आजकाल प्रत्येक घरी छायाचित्र काढणारा दूरध्वनी आहे. सर्व बाजूंनी व ठशांची जवळून चित्रे काढून ठेवावी. किमतीचा आकडा येथे विशेष महत्त्वाचा आहे, त्याचे कारण सांगतो.

1 जुलै 2024 पासून जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तिच्या कलम 303 प्रमाणे साध्या चोरीस तीन वर्षांपर्यंत कैद आहे. परंतु माल पाच हजार रुपयांहून कमी किमतीचा असून आरोपी प्रथमच दोषी ठरला, आणि त्याने माल किंवा किंमत परत केली, तर त्यास समाजसेवेची शिक्षा आहे. आणि अशी चोरी अदखलपात्र वर्गात टाकलेली आहे. अदखलपात्र म्हणजे पोलीस वहीत नोंद घेतील व फिर्यादीस न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाण्यास सांगतील. त्यांच्या आदेशाशिवाय तपास होणार नाही. आता आमचा भोळा शेतकरी ठाण्यात जाऊन ‘एक जुने खोगीर गेले’ एवढेच सांगतो, लगाम-रिकिबी सांगण्यास विसरतो, आणि किंमत विचारली तर संकोचाने तीन-चार हजार म्हणतो. त्याची फिर्याद तेथेच थंड होते. किंमत फुगवून सांगावी असे आम्ही मुळीच म्हणत नाही. संपूर्ण सामानाची खरी किंमत पावतीनिशी सांगावी, एवढेच म्हणतो.

त्याच संहितेचे कलम 305 ह्याहून उपयोगी आहे. राहण्यासाठी किंवा माल ठेवण्यासाठी वापरलेली इमारत, तंबू किंवा नौका ह्यांतून झालेल्या चोरीस सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे, व तेथे पाच हजारांची ती सवलत नाही. म्हणजे बाभळीच्या बुंध्याशी ठेविलेले खोगीर आणि राहुटीत ठेविलेले खोगीर ह्यांत कायदाही भेद करितो. आमच्या पुतण्याने ते दहा पावले उचलून राहुटीत नेले असते व एक साखळी कुलूप घातले असते, तर चोरीच कदाचित झाली नसती; झाली असती तर गुन्हा मोठा ठरला असता.

माल गेलाच तर काय करावे, हे थोडक्यात सांगतो. प्रथम खबर द्यावी, तीही त्याच दिवशी. यात्रा परजिल्ह्यात असली तरी अडचण नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, आणि तिची प्रत फुकट मिळते. प्रत घेतल्यावाचून ठाण्याची पायरी उतरू नये. नंतर हाळी-हंडरगुळीसारखे जनावरांचे बाजार लागोपाठ पाहावे, कारण खोगीर कपाटात ठेवण्याकरिता कोणी चोरीत नाही. माल दिसला तर झोंबाझोंबी करू नये; एकाने तेथे उभे राहावे व दुसऱ्याने पोलिसांस आणावे. ठशासमोर पंचनामा झाला म्हणजे काम झाले. मग मुद्देमाल ठाण्याच्या कोपऱ्यात उंदरांनी खाईपर्यंत राहतो, अशी जी लोकांची समजूत आहे ती अगदीच खोटी नाही. परंतु सुंदरभाई अंबालाल देसाई ह्या खटल्यात 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने असा माल दीर्घकाळ ठेवू नये, पंचनामा व चित्रे करून हमीपत्रावर मालकास द्यावा, असे सांगितले आहे. नव्या संहितेच्या कलम 497 ने तर न्यायालयापुढे आलेल्या मालाची यादी चौदा दिवसांत व त्यानंतर निकाल तीस दिवसांत करण्याची मुदत घातली आहे. अर्ज मात्र मालकानेच केला पाहिजे.

खरीददारांसही एक शब्द. अर्ध्या किमतीत मिळणारे चांगले जीन पावतीवाचून घेऊ नये. माल चोरीचा आहे हे जाणून घेणाऱ्यास कलम 317 खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आमच्या त्या व्यापाऱ्यास गिऱ्हाईके मिळत होती, म्हणूनच त्याच्या मोटारीत सात खोगिरे होती.

ठशाने विक्रीच्या वेळी भाव उतरेल, असा आक्षेप एका स्नेह्याने काढिला. जुना ठसा खोडू नये; नव्या मालकाने त्याशेजारी आपला घालावा, व जनावराच्या पावतीवरच ‘सामानासह, ठसा अमुक’ एवढे शब्द लिहून घ्यावे. हा खर्च शाईच्या एका ओळीचा आहे. कारकुनास सर्वत्र नोंदवहीच दिसते, असेही तो म्हणाला. दिसते खरी. पण ज्या रात्री त्या भटक्या कुटुंबाचे पीठ मातीत सांडले, त्या रात्री नोंद नव्हती म्हणूनच संशय मोकाट सुटला होता. ब्रिटिशांनी 1871 साली कित्येक जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा कायदा केला. तो 1952 साली रद्द झाला, तरी यात्रेत काही हरवले की लोकांच्या नजरा अजून त्याच पालांकडे वळतात. खोगिरावर ठसा असता, तर आम्ही तोच शोधीत बसलो असतो, आणि त्या माणसांच्या दारात उभे राहण्याचे धाडस कोणास झाले नसते. त्यांची तट्टे त्यांचीच होती, सामान त्यांचेच होते. त्यांच्यापाशीही कागद नव्हता, एवढेच.

आमच्या संघाच्या कार्यकारी मंडळापुढे आमची सूचना अशी आहे की, सभासदांच्या घोड्याच्या व बैलाच्या सामानाची एक नोंदवही संघाच्या कचेरीत ठेवावी, आणि येत्या माळेगावच्या यात्रेत एक राहुटी घेऊन तीत रात्री सामान जमा करून चिठ्ठी देण्याची सोय करावी. एका पहारेकऱ्याचा खर्च सभासदांत वाटला तर तो जड नाही. विहिरीवरील मोटारीच्या केबला व तुषार संचाच्या तोट्या चोरीस जाण्याची ओरड चालू आहे. नोंदवहीत त्यांसही पुढे जागा करता येईल. वही लिहिण्याचे काम आम्ही विनावेतन पत्करितो. अंकांचे ठसे व हातोडी आमच्या घरी आणून ठेविली आहे. दर अमावस्येस सकाळी आम्ही ओसरीवर असतो. ज्यास गरज वाटेल त्याने सामान व आठ-अचा उतारा घेऊन यावे. पुतण्याच्या खोगिरावर पहिला ठसा घातला आहे, तो थोडा वाकडा बसला, पण वाचता येतो.