मोतीबिंदूच्या शस्त्रकर्मानंतरचे दिवस आणि आपली औषधालये

लिंगनाशाच्या वेधनकर्माविषयी आपल्या संमेलनांतून अभिमानाने पुष्कळ बोलले जाते. नोव्हेंबर २०२० मध्ये शालाक्याच्या पदव्युत्तरांना मोतीबिंदूच्या शस्त्रकर्माचीही मुभा देणारी अधिसूचना निघाली, तेव्हा अधिकाराची चर्चा तर महिनोन्महिने रंगली. परंतु सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात, त्याच सतराव्या अध्यायात, वेधनानंतर रुग्णाने कसे राहावे याविषयी जे सांगितले आहे, तिकडे आपले लक्ष क्वचितच जाते. प्रस्तुत लेखकाचेही गेले नव्हते; ते एका रुग्णेमुळे गेले.

सत्तरीच्या या बाईंचे शस्त्रकर्म झाले. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली तेव्हा त्यांना नातवाच्या सदऱ्याची बटणे मोजता आली. चौथ्या दिवशी डोळा खुपतो म्हणून मुलगा माझ्याच औषधालयात आला आणि माझ्या सहायकाने, डोळ्यांना हे उत्तमच, असे सांगून त्रिफळाचूर्ण दिले. त्याचा काढा फडक्याने गाळून घरी डोळा धुतला गेला. सहाव्या दिवशी बाई माझ्यासमोर आल्या तेव्हा डोळा लालबुंद, पापणी सुजलेली, वेदना तीव्र आणि दृष्टी हात हलविलेला कळण्यापुरती. त्यांना तत्काळ शस्त्रकर्म करणाऱ्या डॉक्टरांकडे पाठविले. डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाला होता. आत इंजेक्शने द्यावी लागली. डोळा वाचला, पण बटणे मोजण्याइतकी नजर परत आली नाही. संसर्ग काढ्यामुळे झाला, की चौथ्या दिवशी खुपत होते तेव्हाच तो सुरू झाला होता, हे सांगता येणार नाही. मात्र ते दोन मोलाचे दिवस आमच्या औषधालयाने घालविले, हे मला नाकारता येत नाही.

यावर काही वैद्यमित्र म्हणतील की, वेधनानंतर नेत्रास घृत लावून बांधावे आणि दर तीन दिवसांनी वातघ्न कषायाने धुवावे, असे आचार्यच सांगतात. मग काढ्याला दोष का? उत्तर असे की, ते शस्त्रकर्म निराळे होते. शलाकेने गढूळ भिंग दृष्टिमार्गातून बाजूला सारले जाई; ते डोळ्यातच राही. आज फेको पद्धतीत ते ध्वनिलहरींनी फोडून शोषून घेतात आणि त्याच्याच पिशवीत कृत्रिम भिंग बसवितात. छेद तीन मिलिमीटरच्याही आत असतो आणि बहुधा टाक्याविनाच मिटतो. अशा ताज्या छेदावर निर्जंतुक नसलेला कोणताही द्रव, मग तो मध असो, घृत असो वा गुलाबजल, घालण्यास शास्त्राचा आधार शोधणे हा शास्त्राचाच अवमान होय.

आचार्यांच्या उपदेशाचा दुसरा भाग मात्र आजही जसाच्या तसा लागू पडतो. ढेकर, खोकला, शिंक, थुंकणे टाळावे, दहा दिवस संयम पाळावा, आणि दृष्टिप्रसादनाचे उपचार त्यानंतर. येथे आपले खरे क्षेत्र आहे. मलावष्टंभाने कुंथणारा, रात्रभर खोकणारा वृद्ध रुग्ण आपल्याकडेच येतो. त्याचे अनुलोमन करावे, कास शमवावा, मधुमेह असल्यास आहारावर करडी नजर ठेवावी. वमन, नस्य, शिरोधारा, अंजन, तर्पण हे मात्र शस्त्रकर्म करणाऱ्याने डोळा तपासून अनुमती देईपर्यंत वर्ज्य मानावे.

रुग्ण आणखी एक प्रश्न विचारतात: हे इंग्रजी थेंब उष्ण पडतात, बंद करू का? कृपया ‘करा’ म्हणू नये. त्यांतील स्टेरॉइड सुमारे चार ते सहा आठवड्यांत क्रमाने कमी केले जाते. एकाएकी थांबविल्यास शोथ उसळतो आणि तीच बाटली मनाने पुढे चालविल्यास नेत्राभ्यंतर दाब वाढून काचबिंदूचे भय असते. औषधालयाच्या मालकांनी जुन्या चिठ्ठीवर ती पुन्हा देऊ नये. पहिल्या काही दिवसांचे धूसर दिसणे आणि रंग निळसर भासणे हे बहुधा ओसरते. चष्म्याचा क्रमांकही डोळा स्थिरावल्यावरच काढतात. परंतु वाढती वेदना, लाली, घटती नजर, वीज चमकल्यासारखे दिसणे वा पडदा सरकल्याचा भास, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णास परत पाठवावे. ‘उद्या पाहू’ हे शब्द तेथे चालत नाहीत.

काही महिन्यांनी वा वर्षांनी ‘मोतीबिंदू पुन्हा आला’ अशी तक्रार येते. काढलेले भिंग पुन्हा येत नाही. मागे ठेवलेली पिशवी गढूळ होते. याग लेसरने काही मिनिटांत तिला वाट करून देता येते. अशा रुग्णास ‘मोतीबिंदू विरघळविणाऱ्या’ थेंबांच्या बाटल्या महिनोन्महिने विकणारे व्यावसायिक आपल्यातही आहेत, हे लिहिताना संकोच वाटतो.

माझ्या औषधालयात आता डोळ्याचे कोणतेही औषध देण्यापूर्वी सहायक विचारतो: गेल्या दोन महिन्यांत डोळ्याचे शस्त्रकर्म झाले आहे काय? होकार आला, तर तो औषध न देता गिऱ्हाईकाला आत माझ्याकडे पाठवितो.