पोटातल्या बाळाचा जमाखर्च



"पोटुशी बाई जास्त जेवली की बाळ मोठं होतं, मग सिझर करावं लागतं," असे आपल्या वस्त्यांतून अजूनही बोलले जाते. बोलणाऱ्या सासवा काही वाईट नसतात. बाळंतपणात दगावलेल्या बायका त्यांनी डोळ्यांनी पाहिलेल्या असतात. पण त्या भीतीपायी सुनेचे ताट अर्धे होते आणि नुकसान आई व बाळ दोघांचेही होते.

आम्ही पडलो कारकून, म्हणून ही गोष्ट हिशेबानेच मांडतो. गरोदरपणात बाईचे वजन साधारण ९ ते ११ किलोने वाढावे, असे सरकारी आरोग्य खाते सांगते. हे वजन जाते कुठे? बाळाचे ३ किलो, वारेचा अर्धा किलो, गर्भजलाचा सुमारे १ किलो, वाढलेल्या गर्भाशयाचा १ किलो, छातीचा अर्धा किलो आणि वाढलेल्या रक्ताचे सव्वा किलो. बाकीचे तीन-चार किलो म्हणजे अंगातले पाणी आणि पुढे दूध पाजण्यासाठी साठवलेली चरबी. यात फुकट गेलेले काहीच नाही.

अर्धपोटी राहणाऱ्या बाईचे वजन मात्र ५-६ किलोच वाढते. बाळाला लागणारे मग आईच्याच अंगातून निघते. कमाई पुरली नाही की माणूस मुद्दल मोडतो, तसेच हे. एवढे करूनही बाळ अडीच किलोच्या खाली भरण्याचा धोका राहतोच. असे बाळ दूध ओढायला कमी पडते, वरचेवर आजारी पडते.

पहिल्या तीन महिन्यांत मळमळीमुळे वजन फारसे वाढत नाही. चौथ्या महिन्यापासून महिन्याला दीड-दोन किलो वाढ हवी. मुळात अशक्त बाईने जास्त, तर अंगाने जाड बाईने कमी. किती ते डॉक्टरांना विचारावे. पण एका महिन्यात ३ किलोहून अधिक वजन वाढले, तोंडावर सूज आली, डोके ठणकू लागले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रक्तदाब वाढल्याची ती खूण असू शकते.

दोन जिवांची म्हणून दुप्पट खायचे नसते. रोजच्यापेक्षा एक भाकरी, वाटीभर उसळ आणि एखादे अंडे जादा मिळाले तरी पुष्कळ काम होते. महागडी पावडर नको. शेंगदाणे-गूळ, पालेभाजी, मासळी आपल्या आवाक्यातली आहे. वडापाव आणि चहा-बटर यांनी पोट भरते, अंगी मात्र फारसे काही लागत नाही. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईने सकाळी उपाशी निघू नये, सोबत डबा न्यावा. लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस घ्यावी. ती चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. आणि मिश्री? ती तंबाखूच आहे. तिने भूक मरते आणि बाळाचे वजन घटते. या दिवसांत तरी ती डबी घराबाहेर टाका.

आता थोडे घरच्या पुरुषांशी. सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला पाच पक्वान्ने आणि एरवी सगळ्यांचे आटोपल्यावर तळाची आमटी, हे कसे चालेल? गरोदर बाई पहिल्या पंगतीला बसली पाहिजे. नळावरचे हंडे नवऱ्याने भरले तर त्याची पत जात नाही. दुपारी दोन तास तिला आडवे होऊ द्या.

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कारखान्यातील कामगार स्त्रियांच्या प्रसूती-भत्त्याचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आईला विसावा मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे आहे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ साली तो कायदा झाला. धुणीभांडी करणाऱ्या आपल्या भगिनीला आजही पगारी रजा कोण देतो? निदान घरात तरी तिला ती मिळावी.

जे हक्काचे आहे ते सोडू नका. दिवस गेल्याचे कळताच अंगणवाडीत व दवाखान्यात नाव घाला. अंगणवाडीतून मिळणारा आहार तिच्याच पोटात जाऊ द्या. तो घरभर वाटायचा नसतो. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. मातृवंदना योजनेत पात्र मातेला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात.

शेवटी महिला मंडळांना एक विनंती. वर्गणी काढून एक वजनकाटा आणि एक वही घ्या. वस्तीतल्या प्रत्येक गरोदर भगिनीचे वजन महिन्याच्या महिन्याला लिहा. ज्या नावापुढे आकडा महिनाभर हलला नाही, त्या घरी दोघीतिघींनी जावे, सासूशी गोडीने बोलावे आणि सुनेला दवाखान्यात घेऊन जावे.