वाफ फळ्यावर कळत नाही

थर्मोच्या पेपरात रँकिन सायकल आपण पाठ लिहितो. पण मेसचा कुकर सोडला तर सेफ्टी व्हॉल्व्ह उडताना किती जणांनी पाहिलाय? आपल्या शिरूरला रेल्वे नाही. दौंड एवढं मोठं जंक्शन, पण तिथेही आता सगळा कारभार डिझेल आणि विजेचा. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी १९९८ साली सुरू केलेलं छोट्या रेल्वेचं म्युझियम जरूर बघा. मात्र तिथल्या बहुतेक गाड्याही विजेवरच पळतात.

इंग्लंडमध्ये हौशी लोक परसात पाच इंची गेजचे रूळ टाकून खऱ्या कोळशावर, खऱ्या वाफेवर इंजिनं चालवतात. त्यावर माणसं बसतात! हे नुसतं खेळणं नाही. इंजिन दहापट लहान केलं की बॉयलरचा पृष्ठभाग शंभरपट घटतो, आतलं पाणी मात्र हजारपट. म्हणून छोटा बॉयलर भराभर निवतो. हे गणित हाताला चटका बसला की कायमचं लक्षात राहतं.

आपल्या वर्कशॉपमध्ये लेथ आहे, ब्रेझिंग आहे. फायनल इयरला विकतचे प्रोजेक्ट आता पुरे. सरांच्या देखरेखीखाली, बॉयलरची दुप्पट दाबाने पाण्याची टेस्ट घेऊन, एक इंजिन बनवूया. शिरूरची पहिली गाडी हॉस्टेलच्या मागे धावू दे की!