यादीत मुकादमाचा नंबर घाला

मी कॅलिफोर्नियात सलिनासला स्थलांतरित मुलांच्या शिक्षण कार्यक्रमात याद्या काढते. इथला ‘रिक्रूटर’ नोकऱ्या देत नाही, शेतमजुरांची ३ ते २१ वयाची मुलं शोधतो. आईबापांशी बोलून पात्रतेचं प्रमाणपत्र भरतो. शेतीच्या कामासाठी घर हलवल्यापासून ३६ महिने मुलाला आधार मिळतो. पुन्हा हलले आणि त्याची नोंद झाली, तर मुदत नव्याने सुरू. १९६६पासून अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या पैशावर हे चाललंय.

साहेबमंडळींना रिपोर्टातला एकच रकाना आवडतो: या महिन्यात किती प्रमाणपत्रं? त्यावर रिक्रूटर कामाचा की कामचुकार, हे ठरतं. मला हे अजिबात पटत नाही. जुलैत कुटुंबं इथंच असतात, दारं उघडतात. जानेवारीत तोच माणूस कुलपं मोजत हिंडतो. आज संध्याकाळी कुणाकडे जायचं, एवढं यादीने सांगावं.

तेही ती डोळसपणे लावली तर. माझीच फजिती सांगते. एका मुलाची मुदत जानेवारीत संपत होती, म्हणून मी त्याला डिसेंबरच्या गठ्ठ्यात टाकलं. तारखेप्रमाणे लावलेली यादी, दिसायला कशी नेटकी! रिक्रूटर गेला तर घराला कुलूप, अंगणात उलटी टांगलेली लहान सायकल. लेट्यूसचा हंगाम नोव्हेंबरात सलिनासहून ॲरिझोनातल्या युमाला जातो, मजूरही त्याच्यामागे. एप्रिलमध्ये ते परत आले होते, तेव्हाच जायला हवं होतं. आता मी मुदतीच्या शेजारी पिकाचा रकाना ठेवते. ‘सातनंतरच घरी’, ‘फोन मावशीचा’, ‘स्पॅनिश कळत नाही, मिश्तेक बोलतात’ हे शेरेही पुसू देत नाही.

माझे वडील बीडमधल्या पाटोद्याला मास्तर होते. दिवाळीनंतर त्यांच्या हजेरीपटावर ऊसतोडीला गेलेल्यांच्या गैरहजेरीच्या फुल्या लांबत जायच्या. आज आपल्याकडे स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे, शाळाबाह्य मुलं शोधणारे बालरक्षक आहेत. पण कार्ड असतं मुलाच्या दप्तरात. मूल फडावरच राहिलं तर ते वाचणार कोण? युमाच्या माणसाला आमच्या मुलाची नोंद संगणकावर दिसते, म्हणून निदान शोध तरी सुरू होतो.

कोयता, म्हणजे ऊस तोडणारं जोडपं, कुठल्या कारखान्यावर गेला, हे मजूर नेणाऱ्या मुकादमाला पक्कं ठाऊक असतं. उचल दिलेली असते, चुकून कसं चालेल? शाळेला मात्र ते कळायचं तर कुणीतरी विचारायला हवं.

तेव्हा बीड-नगरच्या शिक्षण अधिकाऱ्यांना एकच सांगणं: यंदा यादी दिवाळीआधी करा, तीत कारखान्याचं नाव आणि मुकादमाचा नंबर घाला, आणि पहिली मोळी पडायच्या आत ती त्या कारखान्याजवळच्या शाळेत पोचवा.