समुद्राचे मीठ, आकाशातून

समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी 35 ग्रॅम क्षार असतात. त्यातला अर्ध्या ग्रॅमचा चढउतारही साडेसहाशे किलोमीटर उंचीवरून ओळखता येतो, हे 2011 मध्ये झेपावलेल्या ‘ॲक्वेरियस’ने दाखवले. उपकरण नासाचे, उपग्रह अर्जेंटिनाचा. ब्राझील, कॅनडा, फ्रान्स, इटलीचाही हातभार. जून 2015 मध्ये तो बंद पडला, पण मोजणी थांबली नाही. युरोपचा ‘एसमॉस’ 2009 पासून काम करत होता, आणि मातीतला ओलावा मोजायला सोडलेला अमेरिकी ‘स्मॅप’ही मदतीला आला. उपग्रहांची ही आकडेवारी पडताळायला समुद्रात अनेक देशांची ‘आर्गो’ ही तरंगती मापनयंत्रे आहेत. त्यात भारताचीही आहेत.

हा दूरचा विषय नव्हे. गंगा-ब्रह्मपुत्रेचे गोडे पाणी बंगालच्या उपसागरावर हलक्या थरासारखे पसरते आणि खालचे थंड पाणी सहजी वर येऊ देत नाही. पृष्ठभाग उबदार राहतो. चक्रीवादळांना बळ मिळते ते याच उबेतून. किनाऱ्यावरच्या माणसासाठी हे मोजमाप म्हणजे जीव वाचवण्याचे साधन आहे.

‘एसमॉस’ आणि ‘स्मॅप’ यांचे नियोजित आयुष्य प्रत्येकी तीनच वर्षांचे होते; ते केव्हाच उलटले आहे. त्यांची जागा घेणाऱ्या मोहिमांत भारताने बरोबरीचा भागीदार म्हणून उतरावे.