बाकावरच्या मुलाचेही माप घ्या

खेळाच्या तासाला कुबडी घेतलेल्या मुलाला आम्ही मोठ्या प्रेमाने सांगतो, "तू बस हं बाकावर." त्यात काळजी असते. पण त्याला किती व्यायाम झेपेल हे आम्हाला ठाऊक नसते, हेही तितकेच खरे.

ते कळणार कसे? मोजूनच. चाकाच्या खुर्चीवरील माणसाची नाडी, दम, थकवा कोणी मोजलाच नाही, तर व्यायामाचा सल्ला धडधाकटांपुरताच राहतो. १९६५ च्या युद्धात जखमी झालेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९७२ साली पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या व्यायामविषयक शिफारशींत अपंगांचा स्वतंत्र विचार प्रथम झाला तो २०२० साली! अपंग मुलांनाही रोज सरासरी ६० मिनिटे हालचाल हवी, असे त्यात सांगितले आहे.

म्हणून पालकहो, हुबळी-धारवाडच्या एखाद्या वैद्यकीय वा फिजिओथेरपी महाविद्यालयाने अशा अभ्यासासाठी विचारले, तर "आमचं पोर काय प्रयोगाचा उंदीर आहे?" म्हणून दार लावू नका. प्रश्न मात्र जरूर विचारा. २०१६ च्या कायद्याने, समजेल अशा रीतीने माहिती देऊन घेतलेली खुशीची संमती सक्तीची आहे. परवानगी देणाऱ्या समितीत निदान निम्मे सदस्य अपंग किंवा त्यांच्या संस्थांचे असावे लागतात. संमतीपत्र कन्नड वा मराठीत मागा, मुलालाही विचारा, शेवटी निष्कर्षही मागून घ्या.

विश्वस्तांनी मैदानाच्या पायरीशेजारी उतार करावा, ही विनंती. आणि उद्याच्या तासाला, बाकावरच्या मुलाच्या हाती चेंडू तरी देऊ या.